ग्रॉगर म्हणजे काय? पुरीमच्या खडखडाटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या अनुवादात, शब्दकोड्यात किंवा इस्रायलमधल्या ओळखीच्यांनी पाठवलेल्या फोटोखाली ‘ग्रॉगर’ हा शब्द भेटतो आणि वाचणारा तिथेच अडतो. मराठी कोशात तो सापडत नाही. ज्यांना तो माहीत असतो, तेही ‘ज्यू मुलांचं खेळणं’ एवढंच सांगतात. मला या शब्दाची ओढ आहे. तो नीट कळावा म्हणून लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ग्रॉगर म्हणजे नक्की काय?

हातात धरून गरगर फिरवायचं, कर्कश खडखडाट करणारं एक साधन. पुरीम या ज्यू सणाला सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, बायबलमधला एस्तेरचा ग्रंथ मोठ्याने वाचतात. त्या वाचनात हामान या खलनायकाचं नाव आलं की सगळे जण ग्रॉगर फिरवून ते नाव आवाजात बुडवून टाकतात. ग्रॉगरचं वर्षभरातलं काम एवढंच. जुने ग्रॉगर लाकडाचे असत, मग पत्र्याचे आले, आता प्लास्टिकचे मिळतात. नक्षीकाम केलेले चांदीचे ग्रॉगरही घडवले गेले आहेत.

तो वाजतो कसा?

मुठीला एक दातेरी चाक घट्ट बसवलेलं असतं. त्या चाकाभोवती एक चौकट सैल फिरते आणि चौकटीत एक पातळ, लवचीक पट्टी असते. पट्टीचं टोक चाकाच्या दातांवर टेकलेलं. मूठ धरून मनगट फिरवलं की चौकट गोल फिरू लागते, पट्टी दातावर चढते, वाकते आणि पुढच्या खाचेत ‘टक्’ करून आदळते. चाकाला दहा दात असले आणि सेकंदाला तीन फेरे झाले, तर एका सेकंदात तीस वेळा टक् होतं. कानाला ते सुटं ऐकू येत नाही, सलग ‘कर्रर्र’ ऐकू येतं. पट्टी लाकडाची असेल तर आवाज भरीव, पत्र्याची असेल तर किनरा.

पण प्रार्थनेच्या जागी एवढा गोंगाट कशासाठी?

त्यासाठी गोष्ट सांगायला हवी. पर्शियाचा राजा अहश्वेरोश याचं राज्य १२७ प्रांतांचं आणि राजवाडा शूशन नगरात. त्याचा सर्वांत वरचा अधिकारी हामान. सगळ्यांनी आपल्यापुढे वाकावं अशी हामानची अपेक्षा होती आणि मर्दखय नावाचा ज्यू वाकायला तयार नव्हता. एका माणसाचा राग हामानने साऱ्या समाजावर काढायचं ठरवलं. कत्तलीचा दिवस निवडायला त्याने चिठ्ठ्या टाकल्या. अशा चिठ्ठीला त्या काळी ‘पूर’ म्हणत. सणाचं नाव त्यावरून पडलं. दिवस निघाला ज्यू पंचांगातल्या अदार महिन्याचा तेरावा. राणी एस्तेर ही मर्दखयच्या चुलत्याची मुलगी, त्यानेच वाढवलेली. आपण ज्यू आहोत हे तिने राजाला सांगितलेलं नव्हतं. न बोलावता राजापुढे जाणाऱ्याला मृत्युदंड होता, तरी ती गेली. तिने हामानचा बेत उघड केला. मर्दखयसाठी उभारलेल्या पन्नास हात उंच खांबावर शेवटी हामानच चढला.

आता गोंगाटाकडे येऊ. ग्रंथ हामानला ‘अगागी’ म्हणतो. अगाग हा अमालेकी लोकांचा राजा. मिसर (इजिप्त) सोडून थकूनभागून चाललेल्या इस्राएल लोकांवर अमालेक्यांनी पाठीमागून हल्ला केला होता, मागे रेंगाळलेल्या दुबळ्यांना मारलं होतं. म्हणून तोराहमध्ये, ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, आज्ञा आहे की अमालेकाची आठवण आकाशाखालून पुसून टाक. हामान त्या वंशातला मानला गेला. त्याचं नाव ऐकूच येऊ नये इतका आवाज करायचा, ही त्या आज्ञेची घराघरातल्या लेकरालाही पाळता येईल अशी रीत.

नाव पुसायचंच आहे, तर ते मोठ्याने वाचतात तरी कशाला?

मला सगळ्यांत आवडणारा प्रश्न हाच. तोराहमधली ती आज्ञा तीन ओव्यांएवढी छोटी आहे आणि तिच्यात तीन गोष्टी एकापाठोपाठ येतात: आठवण ठेव, आठवण पुसून टाक, विसरू नको. पहिल्यांदा वाचताना गोंधळायला होतं. पुरीमच्या रात्री सिनेगॉगमध्ये जे घडतं त्यात मात्र या तिन्ही गोष्टी एकत्र बसलेल्या दिसतात. नाव उच्चारलं जातं, ऐकलं जातं, मग बुडवलं जातं आणि पुढच्या वर्षी पुन्हा उच्चारलं जातं.

आणि ऐकणं इथे मनावर घेण्याची गोष्ट आहे. एस्तेरच्या ग्रंथाचा एकही शब्द सुटता कामा नये, तो प्रत्येकाच्या कानी पडलाच पाहिजे, असा नियम आहे. म्हणून वाचणारा हामानचं नाव घेतो, खडखडाट होऊ देतो, तो विरेपर्यंत थांबतो आणि शांतता झाल्यावरच पुढचा शब्द उचलतो. एखाद्या पोराने हौसेने जास्त वेळ ग्रॉगर फिरवला तर मोठी माणसं त्याला गप्प करतात. पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय नाव पुन्हा केव्हा येणार हे कळणारच नाही. ग्रॉगर वाजवायचा तर आधी कान देऊन ऐकावं लागतं, आणि लहान मुलांना दहा अध्यायांचं लांबलचक वाचन जागेपणी ऐकवायची याहून चांगली युक्ती मला तरी माहीत नाही.

हामानचं नाव किती वेळा येतं? दर वेळी वाजवायचा?

५४ वेळा. काही ठिकाणी दर वेळी वाजवतात. हसिदी या कर्मठ ज्यू परंपरेतल्या काही पंथांत नावाला ‘अगागी’, ‘दुष्ट’ असं विशेषण जोडलेलं असेल तेव्हाच वाजवतात. नवव्या अध्यायात हामानच्या दहा मुलांची नावं येतात. ती वाचणाऱ्याने एका दमात म्हणायची असतात. वाचन दोनदा होतं, आदल्या रात्री आणि सकाळी.

ग्रॉगर, ग्रागर, ग्रेगर: खरा उच्चार कोणता?

शब्द यिद्दिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला. यिद्दिशच्या प्रमाण उच्चाराच्या जवळ जायचं तर ‘ग्रागर’ लिहावं. बोलीबोलीत त्याचा ‘ग्रेगर’ होतो. अमेरिकेत गेलेल्या ज्यूंच्या तोंडी तो ‘ग्रॉगर’ झाला आणि जगभर तेच रूप जास्त पसरलं. तिन्ही बरोबर आहेत. मी ‘ग्रॉगर’ लिहिते, कारण शोधणारा बहुधा तेच रूप घेऊन येतो.

यिद्दिशचा सांगाडा जुन्या जर्मनचा. त्यात हिब्रू मिसळलेली आणि पूर्व युरोपातल्या शेजाऱ्यांचे शब्दही. ग्रॉगर हा शेजाऱ्यांकडून आलेला शब्द आहे, मूळ पोलिश वळणाचा. पोलिशमध्ये आजही खुळखुळ्याला ‘ग्झेहोत्का’ म्हणतात. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून बघा, घशात तीच खरखर येते. आपल्याकडे खुळखुळा, भिरभिरं, पिपाणी हे शब्द जसे आवाजातून किंवा हालचालीतून जन्मले, तसाच हाही.

आणि नाही, आपल्या ‘घागर’शी त्याचा काही संबंध नाही.

इस्रायलमध्ये याला काय म्हणतात?

‘रआशान’. हिब्रूत ‘रआश’ म्हणजे मोठा आवाज, हादरा. बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या ग्रंथाची सुरुवात ‘भूकंपाच्या दोन वर्षं आधी’ अशी आहे, आणि तिथे भूकंपासाठी हाच शब्द वापरलाय. त्याला करणाऱ्याचा ‘आन’ हा प्रत्यय लागला की रआशान, गोंगाट करणारा. अनेकवचन रआशानीम. तेल अवीवमधल्या दुकानात ‘ग्रॉगर’ मागितलात तर एखादे आजोबाच ओळखतील; रआशान शेंबडं पोरही ओळखेल.

मग ग्रॉगर हा शब्द इतका दुर्मीळ का झाला?

शब्द दुर्मीळ झाला कारण तो बोलणारी माणसं मारली गेली. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी साठ लाख ज्यूंची हत्या केली. त्यांतल्या बहुसंख्यांची घरची भाषा यिद्दिश होती. पोलंड, लिथुआनिया, युक्रेनमधली ज्या गावांतली मुलं पुरीमला ग्रॉगर घेऊन धावत सुटायची, ती गावंच्या गावं ज्यूंपासून रिकामी झाली. जे वाचून इस्रायलला गेले त्यांच्या मुलांनी हिब्रू घेतली, जे अमेरिकेला गेले त्यांच्या मुलांनी इंग्रजी. यिद्दिशमधले हजारो शब्द त्यात हरवले. ग्रॉगर टिकला, कारण दर वसंतात तो कपाटातून बाहेर काढावा लागतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आणि जेरुसलेमच्या काही वस्त्यांत हसिदी घरांतून आजही यिद्दिश बोलतात, तिथे तो रोजच्या भाषेतला शब्द आहे.

म्हणून कुणी अनुवादात ‘ग्रॉगर’ खोडून ‘खुळखुळा’ लिहिलं की मला वाईट वाटतं.

मराठीत मग काय लिहावं? आणि तो, ती की ते?

‘खुळखुळा’ नको. तो बाळाच्या हातातला, रडं थांबवणारा, मऊ आवाजाचा. ग्रॉगरचा आवाज कुणालाही झोपवणार नाही. ‘वाजंत्री’, ‘वाद्य’ हेही नको. वाद्यातून सूर किंवा ताल निघावा अशी आपली अपेक्षा असते. पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘ग्रॉगर, म्हणजे पुरीमचा फिरवायचा खडखडा’ असं लिहावं आणि पुढे नुसतं ग्रॉगर. लिंग मी पुल्लिंगी ठेवते, खुळखुळा आणि भोवरा यांच्या पंक्तीला बसवून. अनेकवचनातही ग्रॉगरच.

वाक्यात कसा वापरायचा?

ग्रॉगर ‘फिरवतात’ किंवा ‘वाजवतात’. जसं: ‘हामानचं नाव आलं आणि पन्नास ग्रॉगर एकदम कडाडले.’ ‘आजीने तिच्या वडिलांचा लाकडी ग्रॉगर जपून ठेवला होता.’ ‘पुरे आता, ग्रॉगर खाली ठेव, पुढचं ऐकू दे.’ लाक्षणिक अर्थाने, एखाद्या बडबड्याला वगैरे, मी तरी हा शब्द मराठीत लावणार नाही. त्याच्या मागे जे आहे ते त्यात दिसेनासं होतं.

ग्रॉगर येण्याआधी काय करायचे?

दगड, लाकूड आणि पाय. क्राकोचे रब्बी मोशे इस्सरलेस, सोळाव्या शतकातले मोठे धर्मशास्त्री, यांनी लिहून ठेवलंय की मुलं लाकडावर किंवा दगडावर हामानचं चित्र काढत किंवा नाव लिहीत आणि ते एकमेकांवर आपटत, नाव झिजून पुसलं जाईपर्यंत. त्यातूनच वाचनाच्या वेळी हामानला ‘झोडपायची’ रीत आली असं ते सांगतात. आणि पुढे एक वाक्य जोडतात, ते मला फार मोलाचं वाटतं: कोणतीही रूढी मोडू नये आणि तिची टिंगलही करू नये, कारण ती उगीच पडलेली नसते. एवढ्या मोठ्या विद्वानाने पोरांच्या दगड आपटण्यालाही मान दिला. काही जण बुटाच्या तळव्यावर खडूने हामानचं नाव लिहून पाय आपटतात. तीही जुनीच रीत.

त्याहीपूर्वी हामानचा पुतळा जाळत. रोमन सम्राट दुसरा थिओडोसियस याच्या काळात, इ.स. ४०८ मध्ये, यावर बंदी घालणारा कायदा निघाला. पुतळा क्रुसासारखा करून ख्रिस्ती धर्माची विटंबना होते असं त्याचं कारण दिलेलं होतं.

पुतळा जाळणं, बोंब मारणं... हे आपल्या होळीसारखं नाही का?

असं वाटणारे तुम्ही पहिले नाही. कोकणातले बेने इस्रायल ज्यू पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले, तेलाचे घाणे चालवत आले, शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. त्यांनी आपल्या सणांना अस्सल मराठी नावं दिली होती. नववर्षाचा तो नव्याचा सण, आव या ज्यू महिन्याच्या नवव्या दिवशी वालाचं बिरडं खायचं म्हणून तो बिरड्याचा सण. आणि पुरीमला म्हणत ‘होळीचा सण’.

नावामागे पंचांगही आहे. पुरीम अदारच्या चौदाव्या तिथीला, म्हणजे पौर्णिमेच्या तोंडावर. होळी फाल्गुन पौर्णिमेला. २०२४ मध्ये पुरीम २४ मार्चला होता आणि त्याच संध्याकाळी आपल्याकडे होळ्या पेटल्या. २०२५ मध्ये १३ मार्चच्या संध्याकाळी होळीही पेटली आणि पुरीमही लागला. दर वर्षी असं जुळतंच असं नाही. ज्यू पंचांग १९ वर्षांत ७ अधिक महिने घालतं आणि आपल्या अधिक महिन्यांचं गणित वेगळं, त्यामुळे कधी कधी एका महिन्याचं अंतर पडतं. २०२१ मध्ये पुरीम फेब्रुवारीत येऊन गेला आणि होळी २८ मार्चला आली.

पण एका सणातून दुसरा निघाला असं म्हणू नका. उगम वेगळे, कथा वेगळ्या. शेजारच्या अंगणात होळी पेटलेली बघत त्याच चांदण्यात आपला सण करणाऱ्या माणसांनी त्याला ओळखीचं नाव दिलं, इतकंच. मला हे नाव ग्रॉगरइतकंच जपण्यासारखं वाटतं.

मग बेने इस्रायलांकडे ग्रॉगर होता का?

ग्रॉगर हा शब्द आणि ही वस्तू पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंची. कोकणात यिद्दिश कधी पोचलीच नाही. बेने इस्रायलांचं हिब्रू धर्मशिक्षण घडलं ते कोचीनच्या आणि पुढे बगदादी ज्यूंच्या सहवासात. त्यांची प्रार्थनेची पद्धत सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या, वळणाची आहे. मुंबईत मांडवीला सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये पहिलं सिनेगॉग बांधलं, शार हारहमीम. समाजातले जुने लोक सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत, त्यामुळे ती झाली जुनी मशीद. १९४८ नंतर बरेच बेने इस्रायल इस्रायलला गेले, दिमोना, अश्दोद, बीरशेबा, लोद अशा गावांत वसले. तिथे जन्मलेल्या नातवंडांच्या हातात शाळेतून रआशान आला. आजीला आठवतो होळीचा सण, नातवाला रआशान. दोघं एकाच सणाबद्दल बोलत असतात.

ग्रॉगरची मूठ खाली आणि हनुक्काच्या भोवऱ्याची वर, याला काही अर्थ आहे का?

हो, आणि अर्थ सुंदर आहे. हनुक्का या ज्यू सणाला ड्रेडल नावाचा चौकोनी भोवरा वरून चिमटीत धरून फिरवतात. ग्रॉगर खालून. हसिदी परंपरेत सांगतात की हनुक्काचा चमत्कार वरून, देवाकडून आला. पुरीमची सुटका खालून आली, माणसांच्या उपासातून, एकीतून आणि एस्तेरच्या धाडसातून. एस्तेरच्या ग्रंथात देवाचं नाव एकदाही येत नाही हे लक्षात घेतलं की ही जोडणी आणखी पटते.

असा खडखडा ज्यूंखेरीज कुणी वापरत नाही का?

भरपूर. युरोपात पाखरं हाकलायला वापरत, जसं आपल्याकडे ज्वारीच्या माळ्यावरून डबा बडवतात. लंडनचे पोलीस १८८० च्या दशकात शिट्टी हाती येईपर्यंत असलाच खडखडा बाळगत. पहिल्या महायुद्धात खंदकात विषारी वायूचा इशारा द्यायला तो वाजे. ब्रिटिश फुटबॉलच्या मैदानांत प्रेक्षक वाजवत. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र गुरुवारपासून ईस्टरच्या रात्रीपर्यंत घंटा मुक्या ठेवतात, तेव्हा लाकडी खडखडा वाजतो. पोर्तुगीजमध्ये त्याला मात्राका म्हणतात आणि गोव्यातही तो आहे. यांतल्या कुणालाही ग्रॉगर म्हणू नये. यंत्र तेच असलं तरी हामान नाही तिथे ग्रॉगर नाही.

शब्बाथला ग्रॉगर चालतो का?

नाही, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, असा आवाज करायचं साधन वापरत नाहीत. पण प्रश्न उद्भवतच नाही. ज्यू पंचांगाची रचनाच अशी आहे की १४ अदार कधी शनिवारी येत नाही. जेरुसलेममध्ये पुरीम एक दिवस उशिरा, १५ अदारला असतो आणि तो मात्र शनिवारी येऊ शकतो, जसा २०२५ मध्ये आला. तेव्हा ग्रंथवाचन शुक्रवारी उरकतात. एरवी पुरीमला कामधंदा, प्रवास, स्वयंपाक सगळं चालतं. यिद्दिशमध्ये म्हणच आहे की हिवताप हा काही रोग नव्हे आणि पुरीम हा काही सण नव्हे.

घरी करता येईल का?

दातेरी चाकाचा करायला सुताराचा हात हवा. मुलांसाठी झाकणाच्या डब्यात मूठभर हरभरे किंवा तांदूळ घाला, झाकण चिकटपट्टीने बंद करा, झाला. अमेरिकेत बरीच कुटुंबं शेवयांचं न उघडलेलं खोकं ग्रॉगर म्हणून हलवतात आणि वाचन संपलं की ते गरजूंसाठी देऊन टाकतात. पुरीमला किमान दोन गरिबांना दान देणं हे कर्तव्यच आहे, त्यामुळे त्याच वस्तूने दोन्ही कामं होतात. आपल्याकडे शाळेत हा सण समजावताना डाळीचं सीलबंद पाकीट वापरून बघा.

लहान बाळाला किंवा आवाजाचा त्रास होणाऱ्याला घेऊन जावं का?

आधी चौकशी करा. खडखडाट अचानक येतो आणि बंद खोलीत कान बधिर करतो. काही सिनेगॉगमध्ये अशांसाठी वेगळं, शांत वाचन ठेवतात. तिथे हामानच्या नावाला झेंडे हलवतात किंवा हात हलवतात. काही ठिकाणी वाचणाऱ्याशेजारी कुणीतरी पाटी धरून उभं राहतं, एका बाजूने ‘वाजवा’, दुसऱ्या बाजूने ‘थांबा’. बाळासाठी कानावर लावायचं आवरण सोबत न्या आणि दाराजवळची जागा धरा.